मदत हवी आहे : चिंबोरीच्या पिल्लांच्या खाद्यात तेल किती आणि कोणते?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या गोराईला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी खाडीतल्या चिंबोऱ्यांची, म्हणजे मोठ्या खेकड्यांची, पिल्ले वाढवतो. ती एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र डबा आहे. असे साठ डबे एकाच फिरत्या पाण्यावर आहेत आणि पाण्याची क्षारता (खारेपणा) दर हजार भागांत वीसच्या आसपास राहते. निम्म्या पिल्लांना मी मांदेली आणि ढोमी कापून घालतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ताजी मासळी मिळेनाशी होते, म्हणून उरलेल्या निम्म्यांना घरी केलेले गोळीखाद्य देऊन पाहत आहे. एक किलो खाद्यात सोयाबीन पेंड, गव्हाचे पीठ, थोडी सुक्या मासळीची पूड, १०० ग्रॅम सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आणि ८० ग्रॅम शेंगदाणा तेल असते.

सहा आठवड्यांत मासळीवरच्या बहुतेक पिल्लांनी तीनदा कात टाकली, गोळीवरच्यांनी जेमतेम दोनदा. गोळीवरची सात पिल्ले तर कात टाकतानाच मेली : पाठीची भेग उघडलेली, मागचे पाय बाहेर आलेले आणि नांग्या जुन्या कवचात अडकलेल्या. एक उघडून पाहिली, तेव्हा आतली पचनग्रंथी फिकट पिवळी होती आणि बोटांना तेलकटपणा लागला.

खाद्य विकणाऱ्या एका गृहस्थांनी तेल वाढवा म्हणजे वजन वाढेल असे सांगितले. माझा हिशेब नेमका उलटा आहे. मांदेलीत अडीच टक्क्यांच्या आसपास चरबी धरली, तर माझ्या गोळीत सगळे मिळून अकरा टक्के भरते, म्हणजे चौपटीहून अधिक. तेव्हा तेल निम्म्यावर आणावे का? पाण्यावर तेलाचा बारीक तवंगही दिसतो, तो याच कारणाने येत असेल का?

मीठागर

आपले दोन आकडे वेगवेगळ्या मापांतले आहेत. ताज्या माशाच्या वजनात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. शंभर ग्रॅम मांदेलीत अठ्ठ्याहत्तर ग्रॅम पाणी धरले, तर उरलेल्या बावीस ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम चरबी, म्हणजे कोरड्या वजनावर अकरा टक्क्यांच्या वर. दोन्ही गटांतली पिल्ले जवळपास सारखीच चरबी खात आहेत, आणि तरीही एका गटाला कात टाकता येत नाही. तेव्हा प्रश्न चरबी किती हा नसून कोणती हा आहे. याच जातीच्या पिल्लांवर तैवानमध्ये प्रयोग झाले होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत कोरड्या खाद्यात सुमारे ५.३ ते १३.८ टक्के चरबी पुरेशी ठरली. आपले अकरा टक्के त्यात बसतात. त्या गृहस्थांचे ऐकून तेल वाढवले असते, तर ते पचनग्रंथीत साठून वाढ उलट मंदावली असती.

खरी उणीव कोलेस्टेरॉलची वाटते. माणसाला डॉक्टर ते कमी करायला सांगतात, पण चिंबोरी-कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांना ते शरीरात तयारच करता येत नाही, खाण्यातूनच मिळवावे लागते. कात टाकण्याचा इशारा देणारे संप्रेरक त्याच्यापासूनच बनते. चिंबोरीच्या पिल्लांना कोरड्या खाद्यात ते सुमारे अर्धा टक्का, म्हणजे किलोमागे पाच ग्रॅम लागते. सव्वा टक्क्याकडे गेले तर अपायही होतो. शेंगदाणा तेलात ते नसतेच. कोळंबीच्या १०० ग्रॅम ओल्या मांसात साधारण १५० मिलिग्रॅम असते. त्या अंदाजाने आपल्या १०० ग्रॅम सुकटीतून किलोला अर्ध्या ग्रॅमहून थोडेच अधिक मिळत असेल. माकूल (स्क्विड) याबाबतीत कोळंबीपेक्षाही सरस आहे. सुकट ३०० ग्रॅमवर नेऊन सुकवलेल्या माकूलाची २०० ग्रॅम पूड घातली, तर आपण चार ग्रॅमच्या आसपास पोहोचाल. तेवढी पेंड आणि पीठ कमी करा.

दुसरी गोष्ट तेलाची. शेंगदाणा तेलात इपीए आणि डीएचए ही सागरी मेदाम्ले नसतात आणि चिंबोरीला ती वनस्पतीतेलापासून स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत. ८० ग्रॅमच्या जागी ४० ग्रॅम माशाचे तेल आणि २० ग्रॅम सोया लेसिथिन घालून पाहा. लेसिथिनमधली फॉस्फोलिपिडे (फॉस्फरसयुक्त मेदद्रव्ये) चरबीला पचनग्रंथीतून रक्तात न्यायला मदत करतात. आपल्याला दिसलेली तेलकट, फिकट ग्रंथी ही बहुधा तिथेच अडकून पडलेल्या चरबीची खूण असावी, अर्थात एका चिंबोरीवरून मी ते ठामपणे म्हणणार नाही.

डोलकाठी

तवंगाबद्दल लिहितो. चिंबोरी माशासारखी गोळी गिळत नाही. ती नांगीत धरून कुरतडत बसते आणि तोवर गोळी विरघळत राहते. आपण मोजून घातलेले तेल पोटात जाण्याआधीच पाण्यावर येते, म्हणजे कागदावरचे अकरा टक्के तिच्या पोटात अकरा नसतातच. पिठाच्या जागी थोडे गव्हाचे ग्लुटेन (गव्हातले चिकट प्रथिन) वापरा, गोळ्या वाफवून मग सुकवा आणि काचेच्या पेल्यात त्याच खारट पाण्यात दोन तास ठेवून त्या फुटतात का ते पाहा. शिवाय माशाचे तेल पावसाळी हवेत फार लवकर खवट होते आणि खवट तेल पिल्लांना बाधते. आठवड्यापुरत्याच गोळ्या करून फ्रीजमध्ये ठेवा. घरात मासळीचा वास येईल, पण गोराईत त्याची तक्रार कोण करणार?

खाडीकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ओल्या-कोरड्या वजनाची चूक माझ्या ध्यानातच आली नव्हती. काल रात्री जुन्या गोळ्या पेल्यात ठेवल्या होत्या. पाऊण तासात त्यांचा भुगा झाला आणि वर तेलाचे डोळे तरंगू लागले. आता वीस डब्यांत माकूल आणि लेसिथिनच्या गोळ्या देतो, दहांत जुनीच कृती ग्लुटेन घालून, म्हणजे दोष चरबीच्या प्रकाराचा की गोळी फुटण्याचा हे वेगळे कळेल. वाळवलेल्या माकूलात मीठ बरेच आहे. ते धुऊन घ्यावे की धुताना उपयोगाचे काही निघून जाईल, एवढे कृपया सांगावे.