कथा लिहून तयार आहे पण लोकांसमोर ठेवायची हिंमत होत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं लिहितेय, कथा जास्त, कधीतरी कविता. आतापर्यंत सगळं वहीत नाहीतर मोबाईलच्या नोट्समध्येच राहिलं. पण आता एक कथा अशी झालीये की ती लोकांनी वाचावी असं मनापासून वाटतंय, तरी पोस्टच्या बटणापाशी गेलं की छातीत धडधडायला लागतं आणि परत ड्राफ्टमध्ये सेव्ह.

अनोळखी लोकांची भीती नाही वाटत. कोणी बोअर आहे म्हटलं तर वाईट वाटेल, पण झेपेल. भीती ओळखीच्यांची आहे. कथेतला मोठा भाऊ बहिणीचा फोन वाजू देतो, उचलत नाही, आणि जरा वेळाने 'मीटिंगमध्ये होतो' असा मेसेज टाकतो. बस, कथाभर तो एवढंच करतो. तो माणूस माझा दादा नाहीये, पण तो मेसेज त्याचाच आहे, शब्दन्‌शब्द. बदलून बघितलं, मीटिंगच्या जागी प्रवास घातला, आजारपण घातलं, पण लगेच सगळं खोटं वाटायला लागतं. आणि दादावर माझा खूप जीव आहे हो, आपल्याला चव्हाट्यावर आणलं असं त्याला वाटलं तर?

टोपणनावाचा विचार केला. शिरवाडकर कुसुमाग्रज झाले, खानोलकर आरती प्रभू झाले, त्यात वावगं काहीच नाही. पण मग ज्या मोजक्या लोकांनी वाचावं असं वाटतं त्यांना कळणारच नाही ही माझी आहे म्हणून.

घरच्यांचा सपोर्ट आहे, पण त्यांना सगळंच छान वाटतं आणि त्या छानने धीर येत नाही. वाचता वाचता इथे थांबलो, का ते सांगतो, असं म्हणणारं कोणीतरी हवंय. तुम्ही पहिल्यांदा आपलं काही लोकांसमोर ठेवलंत तेव्हा जवळच्या माणसाला आधी दाखवलंत की थेट टाकलंत? प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
ताई, दादाला आधी द्या, पण परवानगी मागायला म्हणून नको. 'ही टाकतेय, तू आधी वाचावीस असं वाटलं' एवढंच म्हणा. परवानगी मागितली की माणूस लगेच हे काढ ते बदल सुरू करतो. मी चित्रं काढतो, वडिलांचे थरथरणारे हात काढले होते तेव्हा असंच केलं, ते बराच वेळ बघत बसले आणि अंगठा नीट नाही आला म्हणाले, बाकी काही नाही.

छानचं म्हणाल तर प्रश्नच बदला. कशी वाटली विचारलं की छानच येणार. कंटाळा कुठे आला, कुठलं वाक्य परत वाचावं लागलं, असं विचारा.

आणि घाईने टाकू नका, मासिकाला किंवा स्पर्धेला पाठवायची आहे का ते आधी ठरवा, कारण बऱ्याच ठिकाणी अप्रकाशितच कथा घेतात आणि नेटवर सगळ्यांना दिसेल अशी टाकली की ती प्रकाशित धरतात. चोरीची भीती असेल तर कॉपीराइट लिहिल्यापासूनच तुमचा असतो, त्याला नोंदणी लागत नाही, फक्त तारखेसकट मूळ फाईल जपून ठेवा.

टाकल्यावर कोणीच काही बोललं नाही तरी लिहिणं थांबवू नका. इंग्रजी लेखिका ब्राँटे बहिणींनी १८४६ मध्ये टोपणनावांनी, पदरचे पैसे घालून कवितासंग्रह काढला, त्याच्या सुरुवातीला दोनच प्रती खपल्या, आणि पुढच्याच वर्षी तिघींच्याही कादंबऱ्या छापून आल्या.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, मासिकाचं खरंच डोक्यात नव्हतं. दादाला आज रात्री मेल करते, समोर बसून वाचायला देणं मला जमणार नाही. तोवर इथे कोणाला कथा वाचून कंटाळा कुठे आला ते सांगायला वेळ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मीही तुमचं काही असेल तर तितकंच नीट वाचेन.