'जबाबदार पर्यटक' – कशाला जबाबदार? शब्द सुचवा

उंबरठा

आमच्या सोसायटीतले बावीस जण बालीला चाललेत. सगळे साठीच्या पुढचे, दोघीतिघी तर पहिल्यांदाच देशाबाहेर. तिथे कसं वागावं याचं एकपानी पत्रक मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मथळा दिला 'जबाबदार पर्यटक'. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "कशाला जबाबदार? काय झालं तिकडे?"

हसू आलं, पण काकांचं काही चुकलं नाही. बोलण्यात 'जबाबदार'च्या आधी हमखास एक '-ला' असतो. अपघाताला जबाबदार, दिरंगाईला जबाबदार. ज्याला जाब विचारायचा तो. 'जबाबदार नागरिक' मला तरी नागरिकशास्त्राच्या पेपरातच भेटला.

मग इंग्रजीतल्या 'सस्टेनेबल'वरून 'शाश्वत पर्यटक' करून पाहिलं. त्यावर काकू म्हणाल्या, "आम्ही पिकली पानं, आम्ही कसले शाश्वत!"

तर मंडळी, शब्द सुचवा.

कोशवेडा

काकूंना माझा नमस्कार सांगा. 'शाश्वत' मराठीत दोन घरी नांदतो. एक कीर्तनातलं घर: देह नश्वर, आत्मा शाश्वत. दुसरं शेतातलं: "पावसाची शाश्वती नाही". तिथे अर्थ खात्री. म्हणून 'शाश्वत पाणी' शेतकऱ्याला लगेच कळतं, बारमाही भरवशाचं. 'शाश्वत विकास' हा या दोन्हींवर बसवलेला सरकारी मजला. आता रुळला, असू दे. पण 'शाश्वत पर्यटन' ऐकणाऱ्याला वाटेल की पर्यटक येण्याची हमी आहे! आणि हे विशेषण माणसाला तर लावूच नका. 'टिकाऊ' म्हटलं की मला बादली दिसते. 'धारणक्षम' अचूक आहे, पण तो अहवालात शोभतो.

बालीला चाललाच आहात तर एक गंमत. इंडोनेशियन भाषेत पर्यटनाला 'परिविसाता' म्हणतात. आपल्या 'पर्यटन'मध्ये परि + अटन, म्हणजे सभोवार फिरणं. त्यांचा 'परि'ही तोच, संस्कृतातून उचललेला. पण टिकण्याच्या कल्पनेसाठी त्यांनी संस्कृताकडे हात पसरला नाही. 'लांजुत' म्हणजे पुढे चालू राहणे, त्यावरून 'बर्कलांजुतान'. पुढेही चालत राहील असं. मला हे 'शाश्वत'पेक्षा प्रामाणिक वाटतं. त्यात अमरपणाचा दावा नाही.

मिरजेची आत्या

एवढं कशाला हो? 'पाहुणा' म्हणा की. आमच्याकडे एसटी स्टँडवर अनोळखी माणूस दिसला तरी "काय पाव्हणं, कुठलं गाव?" असंच विचारतात. पाहुण्यानं कसं वागायचं हे शिकवावं लागत नाही. चपला बाहेर काढायच्या, ताटात टाकायचं नाही, यजमानाच्या देवघरात विचारून जायचं.

पाटकरी

आत्याबाई, इथे मी आडवा येणार. पाहुण्याला पाण्याचा हिशेब कोणी विचारत नाही, आणि बालीत नेमका तोच विचारायला हवा.

मी धुळ्याकडचा, पांझरा नदीवरच्या फड पद्धतीच्या शेतीतला. गावानं मिळून पाट राखायचा आणि पाणी पाळीनं घ्यायचं, हे लहानपणापासून पाहिलेलं. बालीत जतिलुवीची भातखाचरं पाहिली तेव्हा घरीच आल्यासारखं वाटलं. तिथल्या व्यवस्थेला 'सुबाक' म्हणतात. शेतकऱ्यांचे गट, पाण्याची देवळं, आणि कुणाच्या खाचरात पाणी केव्हा सोडायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. 2012 साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते हेच. आम्ही उतरलो त्या व्हिलाच्या न्हाणीघरात टब होता. बायकोनं नळ सोडला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली शेताच्या बांधाला लागून पाट, त्यात पाणी घोट्याएवढंसुद्धा नाही. तिनं नळ बंद केला. टब कोरडाच राहिला, आम्ही बादली मागवली. बादली बघून पोऱ्या हसला.

शिवाय पाहुणा पैसे देत नाही. बालीत 14 फेब्रुवारी 2024 पासून बाहेरदेशच्या प्रत्येक पर्यटकाकडून 1,50,000 रुपिया घेतात, तिथली संस्कृती आणि निसर्ग राखण्यासाठी. पैसे मोजून आलेला तो गिऱ्हाईक.

मिरजेची आत्या

बरं, मग त्याला 'पाहुणेपट्टी' म्हणा. घरपट्टी, पाणीपट्टी असते तशी. आणि पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे पाहुणा दारात पाय ठेवतो तोच विचारत, "पाणी किती वाजता येतं?" मगच पिशवी खाली ठेवतो. दुष्काळातल्या मुलखातला पाहुणा आहे हा, तुमच्या पुण्यामुंबईचा नव्हे.

पाटकरी

मी धुळ्याचा आहे, आत्याबाई! पण हे मान्य.

कोशवेडा

आत्याबाईंच्या बाजूनं एक साक्ष. पलाऊ हा प्रशांत महासागरातला चिमुकला देश. डिसेंबर 2017 पासून तिथे पासपोर्टवर एक प्रतिज्ञाच उमटवतात आणि उतरणाऱ्यानं तिच्याखाली सही करायची. ती तिथल्या लेकरांना उद्देशून आहे, आणि सही करणारा स्वतःला पर्यटक नव्हे, पाहुणा म्हणवतो.

मात्र आपल्या म्हणीही विसरू नका. "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." पत्रकातली मंडळी किती दिवस राहणार आहेत?

(विषयांतर: 'प्रवास'ही पूर्वी जाणं नव्हतं, राहणं होतं. प्र + वस्, घर सोडून दूर राहणे. ज्या बाईचा नवरा परमुलखात, ती प्रोषितभर्तृका. तो 'प्रोषित' याच धातूचा. मराठीनं त्यातलं राहणं काढून टाकलं आणि फक्त वाट ठेवली. हिंदीतल्या 'प्रवासी भारतीय'मध्ये जुना अर्थ अजून शिल्लक आहे.)

उंबरठा

आठ दिवस, कोशवेडा. म्हणीप्रमाणे सहा दिवस बिनअकलेचे.

तुमचं सगळं वाचून एक उमगलं. मी विशेषण शोधत बसले होते आणि लागत होती क्रियापदं. मराठीत ती तयारच आहेत. काल रात्री पत्रक फाडून पुन्हा लिहिलं. थोडं इथे देते:

"दारात, पायरीवर, फुटपाथवर नारळाच्या झावळीच्या विणलेल्या इवल्या ताटल्या दिसतील. त्यात फुलं, कधी भाताची शितं, उदबत्ती. त्यांना चनांग सारी म्हणतात. आपण रांगोळी ओलांडत नाही, तशा त्याही ओलांडू नका. फोटो हवा असेल तर पूजा आटपू द्या."

"खोलीत गेल्यावर आधी विचारा, पाणी कुठून येतं. टब भरू नका. नळाचं पाणी पिऊ नका, पण रोज नवी बाटलीही घेऊ नका. हॉटेलातल्या मोठ्या जारमधून आपली बाटली भरून घ्या."

"प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, स्ट्रॉ यांवर बालीत बंदी आहे. घरातल्या दोन कापडी पिशव्या घ्या, येताना त्यांतच खाऊ आणा."

हे काकांनी वाचलं आणि एकदाही 'कशाला' विचारलं नाही.

अजून एक. 2026 चा पाडवा 19 मार्चला आणि त्याच दिवशी बालीचं नववर्ष, न्येपी. त्यांचंही शकच, तेही 1948! पण तिथे गुढी नाही, मिरवणूक नाही. दिवा लावायचा नाही, काम नाही, करमणूक नाही, आणि चौथं म्हणजे घराबाहेर पडायचं नाही. विमानतळसुद्धा बंद. मंडळींनी नेमकं त्याच आठवड्याचं बुकिंग केलंय. दिवसभर हॉटेलात कोंडून घ्यावं लागणार, म्हणून काकू आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "श्रीखंडाचा डबा घेऊन जाऊ, खोलीतच पाडवा करू. पडदे ओढून."

मथळ्याला आत्याबाईंचा शब्द घेतला: 'पाव्हणं, जरा जपून'. आता शेवटची अडचण. चनांग सारीला कंसात 'नैवेद्य' लिहू का? जमिनीवर ठेवलेला नैवेद्य वाचून मंडळी बिचकतील असं वाटतं.

कोशवेडा

जमिनीवर ठेवायच्या अन्नाला आपला जुना शब्द 'बळी'. काकबळीतला.

पाटकरी

"फुटपाथवर जागोजागी बळी दिसतील." काका बालीला जायचेच नाहीत.

उंबरठा

कंस काढला. चनांग सारीच ठेवते.