आमच्या नाशिकच्या सोसायटी ग्रुपवर: रेझ्युमेत आधार नंबर कशाला?

ए ३०३ काकू: नमस्कार मंडळी. आमच्या धाकट्याचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, अंबडला वर्षभर अप्रेंटिसशिप पण झाली, आता कधीपासून अर्ज टाकतोय, सातपूर झालं अंबड झालं सिन्नर झालं पण कुठूनच काही नाही. त्याचा रेझ्युमे इथे टाकते, कोणी बघून सांगेल का काय कमी पडतंय. सिडकोत लग्नाच्या पत्रिका करतात ना त्यांच्याकडूनच टाईप करून घेतलाय, कलर आहे.

*(पीडीएफ: न्यू रेझ्युमे फायनल फायनल २)*

सेक्रेटरी: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे याची सर्वांनी नोंद घ्यावी. तरी पण माझ्या भाच्यालाही बनवायचाच आहे, त्यामुळे चालू द्या.

बी ६०२ ताई (एचआर): काकू आधी ती फाईल डिलीट फॉर एव्हरीवन करा प्लीज. त्यात आधार नंबर आहे, पॅन आहे, जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता, आणि खाली सही पण. लोन काढायला अजून काय लागतं

ए ३०३ काकू: अगं बाई. केली डिलीट

प्रेसवाले काका: आधार नको हे मला पटत नाही. कंपनीला माणूस कोण आहे ते कळायला नको का

बी ६०२ ताई (एचआर): काका कळायला हवं पण जॉइनिंगच्या वेळी, तेव्हा आम्ही आधार पॅन बँक पासबुक सगळंच मागतो. रेझ्युमे किती हातांतून जातो त्याचा हिशेब नसतो, कन्सल्टंटकडे जातो, कोणीतरी दुसऱ्या ग्रुपवर टाकतं, तिथून मग फोन येतात की तुमचं सिलेक्शन झालंय, युनिफॉर्म आणि गेटपासचे एवढे पैसे भरा. पत्त्यात फक्त "पाथर्डी फाटा, नाशिक" लिहिलं तरी खूप, मला एवढंच बघायचं असतं की मुलगा इथलाच आहे आणि कंपनीच्या बसच्या रूटवर बसतो का.

प्रेसवाले काका: आमच्या वेळी हे रेझ्युमे बिझ्युमे काही नव्हतं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव होतं, कॉल आला, परीक्षा दिली, नाशिकरोडला सरकारी प्रेसमध्ये लागलो, रिटायर होईपर्यंत तिथेच.

सी १०४ दादा: काका तिथे आजही रेझ्युमे कोणी बघत नाही, ऑनलाइन अर्ज आणि ऑनलाइन परीक्षा. सरकारी भरतीत फॉर्म नीट भरणं आणि कागदपत्रं वेळेत काढणं हेच काम. हे सगळं चाललंय ते एमआयडीसीच्या प्रायव्हेट कंपन्यांसाठी.

ए ३०३ काकू: आधार पॅन काढून परत टाकतेय. आता बघा

बी ६०२ ताई (एचआर): बघितलं. काकू राग मानू नका, पण हा रेझ्युमे कमी आणि लग्नाचा बायोडेटा जास्त झालाय. वडिलांचं नाव, व्यवसाय, जात, धर्म, उंची, अविवाहित, छंद क्रिकेट आणि गाणी ऐकणे, फक्त रास आणि नाडी तेवढी राहिली. यातलं मला काहीच नकोय. आणि जे हवंय, म्हणजे अप्रेंटिसशिपमध्ये पोराने वर्षभर काय केलं, ते दुसऱ्या पानावर सगळ्यात खाली एका ओळीत. पहिलं अर्धं पान "करिअर ऑब्जेक्टिव्ह" ने खाल्लंय, टु वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट वगैरे, ही ओळ माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या पोराच्या रेझ्युमेत शब्दन् शब्द सेम असते, कोणी वाचत नाही हो ती.

बी २०१ दादा (आयटी): आणि खालचं आय हिअरबाय डिक्लेअर

बी ६०२ ताई (एचआर): ते पण काढा. ठेवलं म्हणून कोणी रिजेक्ट नाही करत पण चार ओळी जातात.

प्रेसवाले काका: डिक्लेरेशन आणि सही नसेल तर कागदाला किंमत काय राहिली

बी ६०२ ताई (एचआर): काका कंपनीच्या अ‍ॅप्लिकेशन फॉर्मवर घेतो ना सही, प्रत्येक पानावर घेतो

सी १०४ दादा: चिरंजीव ग्रुपवर आहेत का? त्याच्याशीच बोलतो. मी क्वालिटीलाच आहे, इंटरव्ह्यूला बसतो.

ए ३०३ काकू: मी अ‍ॅड करायला सांगते सेक्रेटरींना

*(सेक्रेटरी यांनी ए ३०३ चिरंजीव यांना अ‍ॅड केले)*

ए ३०३ चिरंजीव: नमस्कार काका

सी १०४ दादा: दादा म्हण रे. तू लिहिलंयस "वर्क्ड इन क्वालिटी डिपार्टमेंट, रिस्पॉन्सिबल फॉर इन्स्पेक्शन". कशाचं इन्स्पेक्शन?

ए ३०३ चिरंजीव: पार्ट चेक करायचो

सी १०४ दादा: अरे पण कुठला पार्ट, कशाने चेक करायचास, किती वेळाने, चुकीचा निघाला तर काय करायचास ते सांग ना. इंटरव्ह्यूलाही असाच एका शब्दात बोलतोस का

ए ३०३ चिरंजीव: शाफ्ट असायचे सीएनसी टर्निंगचे. ओडी म्हणजे बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने बघायचो, लांबी वर्नियरने आणि एका जॉबला बोअर म्हणजे आतलं भोक होतं ते बोअर गेजने. सेटिंग बदललं की पहिला पीस चेक करून सही द्यायची मगच मशीन चालू, नंतर दर तासाला पाच पीस. रिजेक्ट निघाले तर लाल बिनमध्ये आणि रजिस्टरला एंट्री. महिन्याला मी एक्सेलमध्ये पॅरेटो चार्ट काढायचो कुठल्या कारणाने जास्त रिजेक्शन झालं त्याचा, साहेब मीटिंगला न्यायचे तो

सी १०४ दादा: हा घे तुझा रेझ्युमे!! हेच लिही ना. सीएनसी टर्न्ड शाफ्टचं इन-प्रोसेस इन्स्पेक्शन, फर्स्ट पीस अप्रूव्हल, मायक्रोमीटर, वर्नियर, बोअर गेज, ड्रॉइंग बघून चेक, रिजेक्शनचा मासिक पॅरेटो एक्सेलमध्ये. चार ओळी होतील, मला वाचल्या वाचल्या कळेल की हा पोरगा लाइनवर उभा राहिलेला आहे. आणि या सगळ्याला तू "रिस्पॉन्सिबल फॉर इन्स्पेक्शन" करून टाकलंस आणि खाली स्किल्समध्ये सिक्स सिग्मा लिहिलंस. केलंयस का सिक्स सिग्मा, ती दोष कमी करायची पद्धत?

ए ३०३ चिरंजीव: नाही. पत्रिकावाले काका म्हणले ते लिहिलं की छाप पडते

सी १०४ दादा: पडते ना, उलटी. जे लिहिशील ते विचारणार. वर्नियर लिहिलं की पहिला प्रश्न लीस्ट काउंट किती, म्हणजे त्याने कमीत कमी किती मोजता येतं

ए ३०३ चिरंजीव: ०.०२ एमएम. मायक्रोमीटरचा ०.०१

सी १०४ दादा: बस. मग सिक्स सिग्मा, लीन, ऑटोकॅड एक्स्पर्ट सगळं उडव. ऑटोकॅड कॉलेजात केलं असेल तर "बेसिक" लिही.

बी ६०२ ताई (एचआर): आणि अप्रेंटिसशिप वर आण, "ट्रेनिंग" नको म्हणू त्याला, हेडिंगला सरळ अप्रेंटिस लिही, विभाग, कालावधी महिना वर्षासकट. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली झालेली आहे ना, पोर्टलवरून सर्टिफिकेट मिळालं असेल तर तेही लिही. कॉलेजच्या इनप्लांट ट्रेनिंगपेक्षा याला खूप वजन आहे आणि पोरं दोन्ही एकाच ओळीत कोंबतात. नंतर शिक्षण, डिप्लोमा वर, दहावी खाली. केटी लागली होती का, म्हणजे विषय राहिला होता का, हे रेझ्युमेत लिहायची गरज नाही पण विचारलं तर खरं सांग, मार्कशीट बघतोच आम्ही. एकच पान कर, फ्रेशरला दुसरं पान लागतच नाही.

सी २०३: आज दुपारचं पाणी आलं नाही का बी विंगला

सेक्रेटरी: मोटार दुरुस्तीला आहे, ६ पर्यंत येईल.

बी २०१ दादा (आयटी): मी एक कॅनव्हाचं टेम्प्लेट पाठवतो मस्त आहे, डावीकडे गडद पट्टी, फोटो, स्किलला स्टार

बी ६०२ ताई (एचआर): नको!! दादा तुमच्या पुण्याच्या डिझाईनवाल्यांना चालत असेल. दोन कॉलम असले की जॉब पोर्टलचं सॉफ्टवेअर कधी कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळून वाचतं. आणि वर्नियरला चार स्टार म्हणजे काय समजायचं मी. साधं वर्ड, एक कॉलम, काळी अक्षरं, पीडीएफ करून पाठवायचं. चेक करायची सोपी पद्धत सांगते, पीडीएफ उघडून सगळं सिलेक्ट करून कॉपी करायचं आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायचं, तिथे जर नंबर एकीकडे आणि नाव तिसरीकडे असा काला झाला तर पोर्टलवरही तसाच होणार, आणि काहीच सिलेक्ट झालं नाही तर तो फोटो आहे, त्यातून सॉफ्टवेअरला काही मिळेलच याचा भरवसा नाही.

बी २०१ दादा (आयटी): ओके मागे घेतो टेम्प्लेट. पण मग एआय वापरावं का, माझ्या टीममध्ये सगळे त्यावरच करतात

बी ६०२ ताई (एचआर): इंग्लिश सुधारायला वापरा की. पण "मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे रेझ्युमे बनव" एवढंच सांगितलं तर ते जे देतं ना, रिझल्ट ड्रिव्हन प्रोफेशनल विथ प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड, ते बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडी शोभत नाही. आता त्याने वर जे मराठीत टाईप केलं तेच त्यात टाकून म्हणायचं की साध्या इंग्लिशमध्ये कर, नवीन काही घालू नको.

प्रेसवाले काका: हे सगळं ठीक आहे पण ओळखीशिवाय एमआयडीसीत कोणी उभं करत नाही हे पण सांगा मुलांना

सी १०४ दादा: काका ओळखीने रेझ्युमे माझ्या टेबलपर्यंत येतो हे खरंय, खोटं कशाला बोलू. पण पुढे मला तो प्लांट हेडला दाखवायचा असतो, त्यात काही नसेल तर मी काय बोलणार, माझ्या बिल्डिंगमधला आहे म्हणून घ्या?

सी ५०१ वहिनी: एक विचारू का, फ्रेशरचं चाललंय पण माझंही तसंच आहे. मी अकाउंट्सला होते, २०१९ ला मुलीच्या वेळी सोडलं, आता परत करायचंय पण मधली एवढी वर्षं रेझ्युमेत कशी दाखवायची. एकाने सांगितलं तारखा लिहूच नको

बी ६०२ ताई (एचआर): वहिनी तारखा नसल्या की पहिला संशय तिथेच येतो. सरळ एक ओळ लिहायची, कौटुंबिक कारणासाठी ब्रेक, अमुक ते अमुक, संपलं. माफी मागितल्यासारखं लांबवायचं नाही. तुम्ही तेव्हा काय काय बघायच्या?

सी ५०१ वहिनी: टॅली, सेल्स पर्चेस एंट्री, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटी सुरू झालं २०१७ ला तेव्हापासून आर वन आणि थ्री बी ही रिटर्न मीच भरायचे, ई-वे बिल पण

खजिनदार (ए ७०१): मध्ये बोलतो. वहिनी तुम्ही सोसायटीचे हिशेब बघताय ते का नाही सांगत? मेंटेनन्सची बिलं, थकबाकीची यादी, टॅलीतल्या एंट्र्या, ऑडिटरला लागणारे कागद सगळं तुम्हीच काढता, मी नुसत्या सह्या करतो. सहकार कायद्याप्रमाणे दरवर्षी ऑडिट होतं आपलं, हे काय घरगुती काम आहे का

सी ५०१ वहिनी: अहो पण त्याचा पगार नाही ना घेत मी

बी ६०२ ताई (एचआर): पगार नाही घेतला तरी काम झालंय ना!! "मानद" लिहा पुढे. किती फ्लॅट, बिलिंग किती वेळा, ऑडिटची तयारी, सगळं लिहा. ब्रेक निम्मा भरला तुमचा. फक्त एक करा, तुम्ही सोडल्यानंतर जीएसटीत बरंच बदललंय, टू बी म्हणजे खरेदीवरच्या टॅक्स क्रेडिटचं स्टेटमेंट २०२० मध्ये आलं, ई-इनव्हॉइस ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्या टर्नओव्हरला लागू आहे, म्हणजे इथल्या बऱ्याच व्हेंडर कंपन्या त्यात येतात. ते कोणा सीएकडे महिनाभर बसून शिकून घ्या आणि मग वरच्या दोन ओळींत तेच टाका. तुमचं नाव पोर्टलवर शोधणारा माणूस "अकाउंटंट नाशिक टॅली जीएसटी" असंच टाईप करतो, ते शब्द रेझ्युमेत नसले तर तुम्ही त्याला दिसतच नाही.

खजिनदार (ए ७०१): सोसायटीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र सेक्रेटरींनी द्यावं असं सुचवतो

सेक्रेटरी: देऊ. पण मार्चपर्यंत हिशेब सोडू नका वहिनी, हात जोडतो.

ए ३०३ चिरंजीव: ताई नवीन केलाय, एका पानात बसला, बघता का

*(पीडीएफ: नाव डिप्लोमा मेकॅनिकल क्वालिटी नाशिक)*

बी ६०२ ताई (एचआर): छान, फाईलचं नाव पण बदललंस. आता एक सांग हा ईमेल तुझाच आहे का, यात तुझं आडनावच नाहीये, दुकानाचं नाव दिसतंय

ए ३०३ चिरंजीव: तो पत्रिकावाल्या काकांनी बनवून दिला तेव्हा. पासवर्ड त्यांच्याकडे आहे

सी १०४ दादा: काय राव!! म्हणजे आजवर जे मेल आले असतील ते कोण बघतंय

ए ३०३ काकू: थांबा मी आत्ता पाठवते याला सिडकोत

सी २०३: पाणी आलं बी विंगला

ए ३०३ चिरंजीव: मिळाला पासवर्ड. नोकरीच्या जाहिराती खूप आहेत. आणि सिन्नरच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यूचा मेल आहे, मागच्या मंगळवारचा होता. गेला तो

बी ६०२ ताई (एचआर): गेला असं समजू नको, ट्रेनीच्या जागा एका दिवसात भरतातच असं नाही. आत्ताच्या आत्ता त्यांना उत्तर पाठव. मेल आज पाहिला, उशिराबद्दल क्षमस्व, जागा शिल्लक असेल तर कोणत्याही दिवशी येऊ शकतो, नवीन रेझ्युमे जोडला आहे, खाली फोन नंबर. एवढंच, कहाणी लिहायची नाही. आणि स्वतःच्या नावाचा नवा ईमेल काढून त्यावरून पाठव, जुन्याचा उल्लेख कर म्हणजे त्यांना धागा सापडेल. सकाळी दहा वाजता कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन करून एचआरला जोडून मागायचं.

सी १०४ दादा: आणि उद्या माझी जनरल शिफ्ट आहे, साडेसहाला घरी ये. प्रिंट घेऊन ये, मोबाईलवर नको. ड्रॉइंग देतो एक, त्यावर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, वाचून दाखवायचे.

ए ३०३ चिरंजीव: हो दादा

सेक्रेटरी: माझ्या भाच्याला पण पाठवू का साडेसहाला