‘ठग’ इंग्रजीला दिला म्हणून अभिमान कसला?

नीराकाठ
शाळेच्या ग्रुपवर काल यादी आली, ‘इंग्रजीला आपण दिलेले शब्द’: बंगला, शाम्पू, लूट, ठग. खाली ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. मी लिहिलं की लूट आणि ठग आपण दिले नाहीत, ते उचलून नेले, आणि ठग तर आपल्याच माणसांवर चालवायला नेला. उत्तर आलं, ‘तुला सगळ्यात खुसपट काढायचं असतं.’ रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे ठक म्हणजे फसवणारा. मापात मारणारा, खोटी सोयरीक जुळवून दागिने लांबवणारा. ‘ठकास महाठक’ म्हणताना कुणाच्या डोळ्यांसमोर प्रेत येत नाही. संस्कृतातला मूळ धातूही झाकणे, लपवणे याच अर्थाचा.

इंग्रजीत तो रुळला जबलपूरच्या कचेरीतून. कंपनी सरकारचा अधिकारी स्लीमन याने माफीचे साक्षीदार उभे केले, त्यांच्या जबान्यांवरून वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्यांच्या वंशावळी मांडल्या आणि १८३६ साली कायदा आला. ठगांच्या टोळीत कधीही होता एवढं शाबीत झालं की सक्तमजुरीसह जन्मठेप. तो टोळीत कायदा होण्याआधी असला तरीही. खून त्यानेच केला का, हे शाबीत करायची गरज नाही. आणि ठग म्हणजे कोण, हे त्या कायद्यात लिहिलेलंच नाही! ज्याला ठग म्हटलं तो ठग.

तीन वर्षांत शब्द विलायतेत कुणाला चिकटला बघा. १८३९ मध्ये लेखक कार्लाइल ग्लासगोच्या सूतगिरणी कामगारांच्या संघटनेबद्दल लिहिताना ‘ग्लासगोचे ठग’ हे टोपणनाव वापरतो, वर त्याचं कौतुकही करतो. तिथून तो अमेरिकेत गेला. आज तिथे तो कृष्णवर्णीयांना लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. शब्द बदलत गेला हे खरं, पण दर वेळी तो वरच्याने खालच्याला लावला. याचा अभिमान मला वाटत नाही.

सरळ_रेघ
नीराकाठ, लेखन चांगलं आहे, पण तुम्ही खुन्यांना बिचारं करून टाकलंत. ग्लासगोचंच घ्या. १८३७ च्या संपात तिथे संप मोडणाऱ्या एका कामगाराला गोळी घालून मारलं होतं. हे तुम्ही का गाळलंत?

आणि ठगांचा खुनाशी संबंध स्लीमनने जोडला, हेही चूक. फ्रेंच प्रवासी तेव्हनो सतराव्या शतकातच दिल्ली-आग्रा रस्त्यावरच्या फास टाकून मारणाऱ्या लुटारूंबद्दल लिहून गेलाय. स्लीमनच्या वेळी साक्षीदारांनी जागा दाखवल्या, तिथे खणल्यावर सांगाडे निघाले. ते कुणा साहेबाचे नव्हते. रजेवर घरी निघालेले शिपाई, सावकारांची रोकड नेणारी माणसं, सगळे आपलेच.

आमचे एक पूर्वज सागरला गोविंदपंत बुंदेल्यांच्या वंशजांकडे कारकून होते. मुलीच्या लग्नासाठी चांदी घेऊन वाईला निघाले ते नर्मदा ओलांडल्याचा निरोप आला, पुढे काहीच नाही. ना प्रेत, ना घोडं. तिथी माहीत नाही म्हणून आमच्याकडे अजून सर्वपित्रीला त्यांचं पान वाढतात. पुण्यात खुर्चीत बसून ‘ठग म्हणजे साहेबाची कल्पना’ म्हणणं सोपं आहे.

नीराकाठ
‘कल्पना’ हा शब्द मी कुठे वापरलाय, दाखवा. खून झाले नाहीत असं मी म्हटलेलंच नाही. आणि ग्लासगोचं सांगायचं तर पुरतं सांगा. त्या खटल्यात पाच पुढाऱ्यांवर खुनाचा आरोप शाबीत झाला नाही. इतर आरोपांवर त्यांना सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. म्हणजे कोर्टाने खुनी ठरवलं नाही, बाहेर त्यांना ठग मात्र म्हटलं गेलं.

बोरू_दौत
मूळ मुद्दा राहतोय. मराठीत शब्द ‘ठक’ आहे! ठकवणे, ठकबाजी, ठकसेन, ही सगळी आपली पोरं. हल्ली पेपर उघडला की ‘सायबर ठगांनी वृद्धेला गंडा घातला’. हा ग हिंदीतून आला, वाहिन्यांनी आणला, आणि आता बातमीदारांच्या पिढीला ठक शब्दच येत नाही. मी स्वतः तेवीस वर्षं मुद्रितशोधन केलं. दर वेळी ठग खोडून ठक करायचो, सकाळी छापून ठगच यायचं. इंग्रजीने काय केलं याच्या आधी आपण काय करतोय ते बघा.

बाल्टिमोरहून
मी या गावात अकरा वर्षं आहे म्हणून लिहितो. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी होऊन वारला, दंगल झाली. महापौर रॉलिंग्ज-ब्लेकबाई स्वतः कृष्णवर्णीय. त्या दंगेखोरांना ठग म्हणाल्या, ओबामाही म्हणाले. महापौरांना शब्द मागे घ्यावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी फुटबॉलपटू रिचर्ड शर्मन म्हणाला होता की मला ठग म्हणणं म्हणजे कृष्णवर्णीयांना द्यायची ती जुनी शिवी आता चारचौघांत द्यायची सोय आहे. शर्मन स्टॅनफर्डचा पदवीधर. सामना जिंकल्यावर कॅमेऱ्यासमोर मोठ्याने बोलला, एवढाच गुन्हा.

पण उलट बाजूही आहे. टुपाक शकूरने ‘ठग लाइफ’ पोटावर गोंदवून घेतलं होतं. शिवीचाच झेंडा केला. माझा मुलगा आणि त्याचे मित्र तेच विनोदाने म्हणतात. तेव्हा ‘दर वेळी वरच्याने खालच्याला’ हे वाक्य काही टिकत नाही, नीराकाठ.

नीराकाठ
टुपाकचं मान्य. ते वाक्य मी जास्त ताणलं.

माळरान
इथे सहसा वाचूनच जातो. आज लिहितो.

मी फासेपारधी. आमच्या नावातला फास तितर, लाव्हे, हरणं धरायचा. सरकारदप्तरात आमची जात मात्र गुन्हेगार लिहिली गेली. ठगांसाठी जे खातं काढलं तेच पुढे ठगी आणि दरोड्याचं खातं झालं. १८३६ मध्ये टोळीत असणं हा गुन्हा होता, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जातीत जन्मणं हाच गुन्हा केला. तो पुढे मुंबई इलाख्यातही आला. माझे आजे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड वाढले. रोजची हजेरी, गावाला जायचं तर पास. १९५२ साली ३१ ऑगस्टला कायदा उठला आणि आम्ही विमुक्त झालो. आजे म्हणायचे, तार काढली पण खांब तसेच ठेवले.

मी सहावीत असताना शाळेतला सायकलचा पंप गेला. सरांनी कुणालाही काही न विचारता पहिलं माझं दप्तर उपडं केलं. भाकरीचं फडकं, वह्या, आईने दिलेली आठ आण्यांची पुरचुंडी, सगळं फरशीवर. कुणी मला चोर म्हटलं नाही. नुसतं आडनाव घेतलं.

नीराकाठताई, तुम्ही लिहिलंत की ज्याला ठग म्हटलं तो ठग. हे वाक्य मी जगलो आहे.

सरळ_रेघ
माळरान, तुमच्याबद्दल आदर आहे. पण १८३६ चा ठगांचा कायदा आणि १८७१ चा जमातींचा कायदा यांत ३५ वर्षांचं अंतर आहे. एकातून दुसरा निघाला असं म्हणायला पुरावा लागतो, नुसती वेदना पुरत नाही. आणि पंप कुणी नेला होता, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

नीराकाठ
हा प्रश्न तुम्ही खरंच विचारलात? माणूस सांगतोय की आडनावावरून झडती घेतली, आणि तुम्ही इथे पुन्हा त्याचीच झडती घेताय. तुमच्या पूर्वजांच्या गोष्टीला कुणी पुरावा मागितला का? ते चांदी घेऊन पळाले नसतील कशावरून, असं आम्ही विचारलं का?

सरळ_रेघ
आमच्या घरातल्या मेलेल्या माणसाबद्दल असं लिहायला जीभ कशी रेटली तुमची? मी धागा सोडतो.

बोरू_दौत
दोघेही शांत व्हा. माळरान, सेटलमेंटमध्ये तुमच्या आज्यांच्या बोलीत ठकच म्हणत असतील ना?

माळरान
बोरू_दौत, आमची बोली गुजरातीच्या जवळची, मराठी शाळेत शिकलो. ठक की ठग ते तुमचं तुम्ही ठरवा.

सरळ_रेघ, पंप तिसऱ्या दिवशी सापडला. शिपायाने आपल्या सायकलला बांधून घरी नेला होता, परत आणून ठेवला. त्याला कुणी बोललं नाही. माझं दप्तर दहावीपर्यंत तपासलं.

तुमच्या पूर्वजांच्या पानाबद्दल मला काही म्हणायचं नाही. आमच्यातलीही माणसं रात्री पोलिसांनी नेली आणि परत आली नाहीत.

कलमकसाई
फौजदारीत वकिली करतो, कायद्यापुरतं सांगतो. ठगाची व्याख्या आली ती १८४८ च्या कायद्यात, पुढे ती १८६० च्या भारतीय दंडसंहितेत गेली, कलम ३१०. खून करून जबरी चोरी किंवा मुलं पळवणं यासाठी इतरांशी नेहमीची संगत असलेला तो ठग. कलम ३११ मध्ये शिक्षा जन्मठेपेची. म्हणजे १८३६ पासून १२ वर्षं लोकांना व्याख्येविना शिक्षा होत होती, हा नीराकाठ यांचा मुद्दा बरोबर आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ठग नाही. सराईत गुन्हेगारांचे राज्यांचे कायदे मात्र वेगळे आहेत, आणि त्या नोंदवह्यांत आजही कुणाची नावं जास्त दिसतात हे मी पोलिस ठाण्यांत पाहिलंय.

सरळ_रेघ
सोडतो म्हणालो होतो, पण कलम ३१० वाचून परत आलो. व्याख्या नसताना जन्मठेप, हे मला माहीत नव्हतं. ते चूक होतं. एवढंच मान्य करतो. बाकी फास आणि सांगाडे खरे होते, यावरून मी हलणार नाही.

माळरान, पंपाचं मी विचारायला नको होतं.

नीराकाठ, चांदीवरचं वाक्य तुम्ही मागे घ्या.

नीराकाठ
घेतलं. रागात लिहिलं.

बोरू_दौत
कलमकसाई, दंडसंहितेच्या मराठी पाठात ३१० ला ठग आहे की ठक? कुणाकडे जुनी प्रत असेल तर पानाचा फोटो टाका.