हडपसरच्या पुढे, बसने जाऊन नदीकाठी सपाट चालता येईल अशी जागा?

बिबवेवाडीकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे गाडी नाही आणि घ्यायचा विचारही नाही. रविवारी आई आणि मुलगा या दोघांना घेऊन नदीकाठी कुठेतरी जायचंय. आई ६८ वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, पण सपाटीवर तासभर आरामात चालते. मुलगा नऊ वर्षांचा, सध्या पक्ष्यांचं वेड लागलंय. टेकडी नको, पायऱ्या नकोत. खडकवासल्याला रविवारी जी जत्रा भरते ती तर अजिबात नको. पाणी, गवत, चिखल, पक्षी आणि निवांत उभं राहायला जागा, एवढंच पाहिजे. पीएमपीने जायचं, पीएमपीनेच यायचं, दुपारी जेवायला घरी.

मुळा-मुठेकाठच्या कवडीपाटचं नाव सगळे घेतात. पण तिथे म्हणे नाकाला रुमाल लावून उभं राहावं लागतं. खरं का? बसमधून उतरल्यावर चालायचं किती? आणि बायकांचा नेहमीचा प्रश्न: स्वच्छतागृहाचं काय?

औंधची_सकाळ

पाषाण तलाव बघा की. रामनदीवरचा तलाव आहे, म्हणजे वाहती नदी नाही, पण काठाने सपाट चालता येतं आणि पाषाणला बस भरपूर. जलपर्णी किती माजली आहे त्यावर पक्षी दिसणं अवलंबून. बिबवेवाडीहून मात्र आडवं पडेल.

गाडीतळ

ताई, माझी निम्मी नोकरी सोलापूर रोडवर गेली, कंडक्टर म्हणून. आता घरी बसलोय तरी थंडीत कवडीपाटला जातो, तेही बसनेच. बायको म्हणते, आता तरी तो रस्ता सोडा. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

बिबवेवाडीहून स्वारगेट, तिथून हडपसर गाडीतळ. गाडीतळावर लोणी काळभोर, उरुळी कांचन किंवा थेऊर, यातला जो बोर्ड आधी दिसेल त्या गाडीत बसा, सगळ्या त्याच रस्त्याने जातात. तिकीट मागताना ‘कवडीपाट टोलनाका’ असं पूर्ण म्हणा. टोल बंद झाला तरी लोकांच्या तोंडी नाव तेच आहे. शेवाळेवाडी मागे पडली की आईंना उठवून दाराशी घेऊन या. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो, ड्रायव्हर दामटतो, आणि म्हाताऱ्या माणसांनी स्टॉप आल्यावर उठायला सुरुवात केली की कंडक्टर डबल बेल देऊन मोकळा. मीही दिली असेल, खोटं कशाला बोलू.

उतरलात की डाव्या हातालाच नदीकडे जाणारा रस्ता आहे. म्हणजे जाताना हायवे ओलांडावा लागत नाही. येताना लागतो! हे कुणी सांगत नाही. परतीची गाडी समोरच्या बाजूला थांबते आणि मधून ट्रक, कंटेनर सगळं सुसाट चाललेलं असतं. आईंना घेऊन ओलांडायचंय, तर गाडी दिसली म्हणून धावू नका. ती गेली तर जाऊ दे, लोणीकडून दुसरी येते.

हायवेपासून रेल्वे लाइन ओलांडून नदीपर्यंत आईंच्या चालीने अर्धा-पाऊण तास धरा. रस्ता सपाट आहे, चढ नावालाही नाही. पुढे जुना बुटका पूल लागतो, पाण्याला जवळजवळ टेकलेला. त्याच्यावरून दुचाक्या जातात, म्हणून पोराचा हात सोडू नका. पुलाच्या एका अंगाला पाणी संथ, दुसऱ्या अंगाला खडकांतून खळखळत जातं. सगळी मजा या दुसऱ्या बाजूला.

वासाचं विचारलंत. येतो. अख्ख्या पुण्याचं सांडपाणी तिथून जातं, अत्तराचा कसा येईल? पुलाखालून पाणी पडतं तिथे साबणाचा फेस जमतो, वारा सुटला की त्याचे गोळे उडून अंगावर येतात. झुडपांना प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या असतात. आईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर ‘हे काय दाखवायला आणलंस’ असं होणार नाही. दहा मिनिटांत नाक सरावतं. नाही सरावलं तर वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं.

स्वच्छतागृह स्वारगेटलाच उरकून घ्या. नदीवर भरवसा ठेवू नका.

आणि लवकर निघा. दहानंतर ऊन चढतं आणि कॅमेरेवाले गाड्या घेऊन येतात.

दुर्बीणवाला

वर कंडक्टरकाकांनी रस्ता चोख सांगितलाय, मी फक्त पक्ष्यांचं सांगतो.

जायचं ते नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पूल पाण्याखाली जातो, तेव्हा तिकडे फिरकूसुद्धा नका. थंडीत पाणी उतरून खडक आणि गाळ उघडे पडतात, आणि पाहुण्या पक्ष्यांना तेच हवं असतं. चक्रवाक हमखास, नारिंगी रंगाची मोठी बदकं, बहुतेक जोडीने. नशीब असेल तर पट्टकदंब हंस, डोक्यामागे दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेले. बाकी शेकाट्या, थापट्या, चित्रबलाक, राखी बगळे, पाणकावळे, धोबी यांना तोटा नाही.

मुलासाठी एक खेळ. पुलावर एका जागी वीस मिनिटं उभं राहायचं आणि एकच पक्षी बघायचा. मी शेकाट्या सुचवेन. काड्यांसारखे लांब गुलाबी पाय, काळे पंख, सुईसारखी सरळ चोच. फेसाच्या कडेकडेने चालतो, एक पाय पूर्ण वर उचलतो, पाणी निथळू देतो, मग पुढे टाकतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून चोचीने किडे टिपतो, डोकं क्वचितच बुडवतो. शेजारी तुतवार असेल तर त्याचं शेपूट सारखं वरखाली होत असतं. हे दोन ओळखता आले की बाकीचे पोरगा स्वतः शोधेल. खडकांवर नदी सुरय बसलेले असतील तर सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला दिसतील, वारा येतो त्या बाजूला. आणि काळा-पांढरा खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबतो, मग दगडासारखा खाली. मुलं यालाच टाळ्या वाजवतात.

‘घाण पाण्यात पक्षी खूश असतात’ असं लोक म्हणतात, ते अर्धवट आहे. सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीवर किडे-अळ्या पोसल्या जातात आणि ते खाणाऱ्या काही जातींचं फावतं. ज्यांना स्वच्छ पाणी लागतं ते इथे दिसत नाहीत, म्हणून त्यांची कुणाला आठवणही येत नाही.

बिबवेवाडीकर

बापरे, एवढं छान सांगितलंत, धन्यवाद. आईला वाचून दाखवलं. फेसाचं ऐकून नाक मुरडलं, पण लगेच म्हणाली, ‘लोणीपर्यंत जातोच आहोत तर थेऊरचा गणपती का नाही?’ एकाच दिवशी दोन्ही जमेल का?

गाडीतळ

जमेल, पण करू नका. दोन्हीकडे धावपळ होईल. जेवायला घरी यायचं असेल तर एकच काहीतरी.

खरं सांगू का, आईंच्या दृष्टीने थेऊरच बरं. गाडीतळावरून थेऊरचा बोर्ड लावलेली गाडी थेट गावात सोडते. ती नाही मिळाली तर लोणीच्या पुढे थेऊर फाट्यावर उतरून रिक्षा करावी लागते, फाट्यापासून गाव चालत जाण्यासारखं नाही. गावाला मुळा-मुठेने तीन बाजूंनी वेढा घातलाय. चिंतामणीचं दर्शन घ्यायचं आणि मग नदीकडे जायचं. थोरल्या माधवराव पेशव्यांनी देह ठेवला तो इथेच, १७७२ साली, आणि रमाबाई सती गेल्या. त्यांचं वृंदावन नदीकाठी आहे. तिथे सावलीत बसता येतं, चहा-भजी मिळतात, आईंचं देवदर्शन होतं. पक्षी कवडीपाटइतके नाहीत, पण बगळे, पाणकावळे, खंड्या दिसतात.

चतुर्थी टाळा. अंगारकी असेल तर त्या रस्त्यालाच जाऊ नका. तेव्हा गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि कंडक्टरची तिकिटं फाडता फाडता पुरेवाट होते.

म्हणजे या खेपेला कवडीपाट, पुढच्या महिन्यात थेऊर. गाडी तीच, स्टॉप वेगळा.

कुरकुंभ_फाटा

मुलाला खरंच वेड असेल तर कधीतरी भिगवणला न्या. हीच मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनी धरणाच्या फुगवट्यात येतं. म्हणजे पुणेकरांनी सोडलेलं आम्हाला पोचतंच! स्वारगेटहून इंदापूर-सोलापूरकडे जाणारी एसटी भिगवणला थांबते, अंतर साधारण शंभर किलोमीटर. बायकांना एसटीत अर्धं तिकीट. स्टँडवरून रिक्षाने कुंभारगाव किंवा डिकसळ, तिथे मच्छीमार होडीतून फिरवतात. रोहित पक्षी पाणी ओसरून चिखल उघडा पडल्यावर जास्त येतात, म्हणून जानेवारीनंतर या. चालणं फार होत नाही, बसणंच जास्त. आजींना हेच आवडेल.

बिबवेवाडीकर

ठरलं. या रविवारी कवडीपाट, सातच्या आत घर सोडणार. आईने नाकासाठी कापूर आणि रुमाल काढून ठेवलाय, मुलाने शेकाट्याचं चित्र. काका, परत येताना गाडी साधारण किती वेळाने मिळेल?

गाडीतळ

कधी पाठोपाठ दोन, कधी अर्धा तास एकही नाही. घड्याळ लावून येत नाहीत त्या. म्हणून साडेदहालाच पुलावरून निघा आणि आईंना स्टॉपवर टेकायला एक वर्तमानपत्र बरोबर घ्या. लोणीहून येणारी स्वारगेटची असेल तर तीच पकडा, गाडीतळाला बदलायचा त्रास वाचेल. शनिवारी ऊन-पाऊस काय म्हणतंय ते बघून निघा, आणि चित्र चांगलं आलं तर इथे टाका.