बाबांच्या पीसीवर सारखं 'व्हायरस सापडला' येतंय, फॉरमॅट मारू का?

इंदिरानगरकर:
मंडळी जरा मदत करा. बाबा प्रेसमधून रिटायर झालेत, त्यांचा घरचा पीसी आहे, जुना, विंडोज १० वाला, त्यावर लाईट बिल, पेन्शनचं खातं आणि भजनं एवढंच चालतं. आठवडा झाला खाली उजव्या कोपऱ्यात लाल चौकट येते, "५ व्हायरस सापडले, लगेच साफ करा", बंद केली की दोन मिनिटांत परत हजर. परवा तर अख्खी स्क्रीन भरली, टूं टूं आवाज आणि मधोमध फोन नंबर. बाबा नंबर लावतच होते, आई ओरडली म्हणून वाचलो. दुकानवाला फॉरमॅट आणि अँटीव्हायरस मिळून अडीच हजार सांगतोय. देऊ का?

मिसळ_विथ_माऊस:
अडीच हजार खिशातच ठेव. कोपऱ्यातली चौकट म्हणजे ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे रे. कुठल्यातरी साईटने "तुम्ही रोबो नाही ना, मग अलाऊ दाबा" म्हटलं असणार आणि बाबांनी बिचाऱ्यांनी दाबलं असणार. क्रोमच्या सेटिंगमध्ये साईट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, अलाऊ केलेल्यांची यादी दिसेल त्यातलं अनोळखी सगळं उडव. माझ्या सासऱ्यांच्या लॅपटॉपवर असंच होतं, दोन मिनिटांचं काम. आणि ती फुल स्क्रीन आली की एस्केप दाबून धरायचं, नाही हटली तर कंट्रोल शिफ्ट एस्केप, टास्क मॅनेजरमधून क्रोमच बंद. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे बाबांना एकदा नीट सांगून ठेव.

सातपूर_एक्स्प्रेस:
वरचं बरोबर आहे पण एवढ्यावर थांबू नकोस. विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. अपडेट का लागतात बघ, २०१७ ला वॉनाक्राय (फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तेव्हा आठवत असेल, तो ज्या भोकातून घुसला त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आला होता, मे महिन्यात अडकले कोण तर ज्यांनी तो टाकला नव्हता ते. आणि खरं सांग, विंडोज ओरिजनल आहे का 'करून' दिलेलं, म्हणजे पायरेटेड? विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) चालू आहे का बघ, खाली एक्सक्लूजन म्हणून असतं, म्हणजे काय तपासायचं नाही त्याची यादी, तीही बघ.

वहिनी_गंगापूर_रोड:
आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी असाच नंबर लावला होता, त्याने रिमोटचं ॲप टाकायला लावलं आणि खात्यातून पैसे गेले. असं झालंच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, जितका लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

इंदिरानगरकर:
नोटिफिकेशनमधून १७ साईट निघाल्या!! चौकट गेली. पण डिफेंडर बंदच होता आणि एक्सक्लूजनमध्ये अख्खी सी ड्राइव्ह टाकलेली 😐 मागच्या दिवाळीत ज्याने विंडोज टाकून दिलं त्याचेच प्रताप असणार, म्हणत होता ॲक्टिव्हेट करताना अँटीव्हायरस मधे येतो.

सातपूर_एक्स्प्रेस:
झालं, हेच विचारत होतो. सी ड्राइव्ह वगळली म्हणजे वॉचमन ठेवायचा आणि त्याला सांगायचं की मेन गेटकडे बघू नको. आता मात्र फॉरमॅटच मार, फक्त त्या दुकानात नको. आधी तुझ्या मोबाईलवरून बाबांच्या मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदल, त्या पीसीवरून अजिबात नाही, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलून नेणारे प्रोग्राम अशा ॲक्टिव्हेटरसोबतच (पायरेटेड विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) येतात. मेलला टू स्टेप लाव, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) पेनड्राइव्ह बनव, त्याच्यावरून पीसी चालू कर, इन्स्टॉल न करताही चालतो, आणि फक्त फोटो आणि पीडीएफ बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढ, सेटअप फाईल एकही नको. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात. बाबांचं काम बघता मी तर मिंटच ठेवीन म्हणतो.

मिसळ_विथ_माऊस:
आला आला, लिनक्सवाला आला 😂 पण या केसमध्ये पटतंय.

इंदिरानगरकर:
रविवारी बसतो. एकच विचारायचं, मिंटवर मराठी टायपिंग होतं का? बाबांना इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या मांडणीचीच सवय आहे, दुसरं काही दिलं तर मला दिवसभर हाका मारतील.

सातपूर_एक्स्प्रेस:
होतं. कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट ॲड कर, मराठी शोध, त्यातलं इनस्क्रिप्टवालं घे, बटणं त्याच जागी आहेत.