पेनड्राइव्हमधल्या खराब फायली डिलीटच होईनात

खानापूरकर: १६ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यात आमच्या भजनी मंडळाचं काकड्याचं रेकॉर्डिंग. ट्रॅक्टरच्या टेपला लावलेला, पोरानं चालू असतानाच उपसला. आता आत चौकोन आणि चित्रविचित्र चिन्हांच्या फायली, एकेक ३ जीबीची! डिलीट केलं की 'फाइल सापडत नाही' म्हणतंय. फॉरमॅट मारू काय ओ?

टिळकवाडीकर: थांबा की! फायली कुठं आहेत त्याची नोंदवही बिघडलीय, म्हणून ती नावं आणि आकार खोटे. ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. सुटे तुकडे 'फाउंड' फोल्डरात नावाच्या शेवटी सीएचके असलेल्या फायली म्हणून पडतात. ते सीएचके बदलून एमपी३ करा, कधीकधी वाजतं.

निपाणीवाला: आधी चेक नको! ते ड्राइव्हवरच लिहितं, राहिलेलंही जाईल. पहिल्यांदा फोटोरेक हे गेलेल्या फायली परत काढणारं सॉफ्टवेअर चालवा. फुकट आहे, नावाला फसू नका, गाणीही काढतं. काढलेलं कॉम्प्युटरवर ठेवा, त्याच ड्राइव्हवर नको. मग खुशाल फॉरमॅट.

खानापूरकर: फोटोरेकनं ४१ निघाली, नावं सगळी गेली. आता एकेक ऐकून ओळखत बसलोय. एकात मृदंगापेक्षा आमच्या म्हशीचाच आवाज मोठा. फॉरमॅट मारला, चालतोय.